अठराव्या तांब्यानंतर

७ नोव्हेंबर १९६१, मंगळवार. नरकचतुर्दशी.

ही माझी हिशेबाची वही. पुढून खर्च लिहिते. आज उलटी धरून मागच्या पानापासून लिहायला घेतलं, कारण आज जे झालं ते खर्चात बसत नाही आणि जमेत तर नाहीच नाही.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बंब विझला!

काल सांजच्याला रीतीप्रमाणे चिंचेनं घासून लख्ख केला, गळ्यात झेंडूची माळ बांधली, हळदीकुंकू वाहिलं. आज पहाटे काठोकाठ पाणी भरलं, मधल्या नळीत विस्तव घातला, वर कारखान्यातला कोक टाकला. कोक लाल व्हायला लागला तोच नळीतून चर्रर्र आवाज, वाफ, आणि खालच्या जाळीतून राखेचं काळं पाणी. हे अंगभर उटणं लावून पाटावर बसलेले, कुडकुडत.

"अवं, झालं का पाणी?"

"बंबच रडून राहिला," मी म्हटलं.

"सणासुदीले? कावून?"

शेवटी शेगडीवर पातेलं चढवलं. पाणी तापेस्तोवर कारखान्याच्या चिमण्यांमागून सूर्य वर आला होता. उजाडल्यावर कसलं अभ्यंगस्नान! देवापुढं कान पकडले. बावीस वर्षांचा बंब, माझ्या लग्नातला. गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यानं कधी तक्रार केली नाही. इथं भिलाईला, पोलाद कारखान्याच्या सेक्टर १० मध्ये येऊन त्याला काय झालं?

१० नोव्हेंबर, शुक्रवार

विजयाचं पत्र! पाचवा महिना लागला! पत्र तीनदा वाचलं, चौथ्यांदा देवापुढं ठेवून वाचलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडं. सातव्यात यायची.

पण पत्राच्या तळाशी तिच्या सासूबाईंनी, तुळसाबाईंनी, स्वतःच्या हातानं चार ओळी खरडल्या आहेत. "२७ डिसेंबरले पोरीले घेऊन मी स्वतः येते. तिकडे नुसत्या भट्ट्या आन् धूळ हाये असं ऐकते. बाळंतिणीले आन् लेकराले दोन टाइम ऊन पाणी लागते. सोय पाहीन. पटली तर ठेवीन, नाही पटली तर त्याच गाडीनं पोरीले वापस अजनीले आणीन."

ही बाई बोलते ते करते. साखरपुड्यात पापड वातड म्हणून सगळं ताट परत पाठवलं होतं. व्याही रेल्वेत गार्ड आहेत, पण घरातली हिरवी-लाल झेंडी तुळसाबाईंच्या हातात.

माझी विजया परत जाणार नाही. सत्तेचाळीस दिवस आहेत. बंब दुरुस्त झालाच पाहिजे.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

दुर्गच्या बाजारातून पुंडलिक तांबट आला. मूळचा भंडाऱ्याचा, म्हणजे भांड्यांच्याच गावचा. बंबाला बोटानं टिचक्या मारल्या, कान लावला, मान हलवली, जसा काही वैद्यच.

"तोटीचं चामडं गेलं, बाई."

मी म्हटलं, "पाणी नळीतून आलं जी, तोटीतून नाही."

"पन्नास वर्षं बंब ठोकून राहिलो मी. पाणी कुठूनही येते, कारण तोटीच असते."

पन्नास वर्षांपुढं माझी मॅट्रिक काय बोलणार? चामडं बदललं. दोन रुपये पुढच्या बाजूला लिहिले.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

बंब ठीक आहे. निदान अर्धा भरला तर ठीक आहे.

या आठवड्यात यांची पहिली पाळी, सहाची. पण मला उठवत नाहीत. आश्विनात मला ताप आला तेव्हा डॉक्टरांनी झोप घ्यायला सांगितली होती. तेव्हापासून पहिली पाळी असली की हे चारला उठतात, आपणच बंब पेटवतात, आंघोळ करून सव्वापाचला सायकल काढतात. मला कळतही नाही. मी उठते तेव्हा नळाला पाणी आलेलं असतं, बंबात माझ्यापुरतं ऊन पाणी असतं आणि विस्तव अजून लाल असतो. लग्नानंतर पहिल्यांदा सहापर्यंत झोपते आहे. लाज वाटते, पण अंगाला बरं वाटतं.

आणि कोकचं तर विचारूच नका! कोक म्हणजे भाजून काढलेला दगडी कोळसा. हे आधी इंजिनावर फायरमन होते, आता कोक भाजायच्या भट्टीवर आहेत. मोठ्या भट्टीला न चालणारे बारके तुकडे कामगारांना चिठ्ठीवर मिळतात. गणपतीपासून आमच्याकडं तेच. धूर नाही, सरपणाचा खर्च नाही. हे रोज म्हणतात, "ज्या कोकनं लोखंड पाणी होते, त्यानं तुझं पाणी तापून राहिलं. आहे कोणाच्या घरी?"

नाही कोणाच्या घरी. शेजारच्या राधाबाईंकडं तर अजून लाकडंच फुंकतात.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज परीक्षा म्हणून काठोकाठ भरला. गळला! चर्रर्र, राखेचा चिखल, सगळं दिवाळीसारखंच. चामडं निर्दोष होतं, बिचारं.

भिंतीपलीकडून राधाबाई डोकावल्या. "कौशल्याबाई, फेका ना आता तो डबडा! बिजलीचा रॉड भेटते, बालटीत टाकला की झालं."

"बिजली आन् पाणी एका बालटीत? बाळंतिणीजवळ?"

"मग नवा घ्या. किती दिवस म्हाताऱ्याची सेवा करता?"

नवा घ्यायला माझी ना नाही. पण दुखणं काय हे कळल्याशिवाय टाकून कसा द्यायचा? नव्यालाही तेच दुखणं झालं तर? मी ठरवलं आहे. पुंडलिकाला बोलवायच्या आधी मीच शोधणार.

१९ नोव्हेंबर, रविवार

सापडलं! सापडलं! घाईनं लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

सकाळी बंब रिकामा करून पुसून कोरडा केला. जाळीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं. बादलीत कपड्यांची नीळ कालवली, गडद. मग एक एक तांब्या मोजून बंबात ओतायला लागले आणि प्रत्येक तांब्यानंतर शंभर आकडे मोजून कागद पाहायचा. हे चहा पीत पाहून राहिले होते.

"काय करून राहिली? बंबाले नीळ? धोब्याकडं देते का?"

"चूप बसा. आकडा चुकते."

दहा तांबे, कागद कोरा. पंधरा, कोरा. सतरा, कोरा. अठरा, कोरा. एकोणिसावा ओतला, शंभर मोजले, आणि कागदावर टप्प! निळा ठिपका! मग टप्प टप्प! मी ओरडलेच. राधाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला.

बंबात सव्वीस तांबे मावतात. अठरापर्यंत थेंब नाही, एकोणिसाव्याला गळती. म्हणजे भोक तळाशी नाही, तोटीजवळ नाही. मधल्या नळीला वरच्या अंगानं जिथं जोड आहे, तिथं आहे! विजयाची शाळेतली लाकडी पट्टी आत बुडवून उंची मोजली. वरच्या काठापासून साडेचार इंच. बाहेरून त्या जागी कुंकवाचं बोट लावून ठेवलं.

म्हणूनच अर्धा भरला की गळत नाही आणि सणाला गळतो! शाळेत भूमितीचं प्रमेय सुटल्यावर असं व्हायचं. इतक्या वर्षांनी पुन्हा झालं. आनंदानं दोन वाट्यांचा शिरा केला. कारण नसताना.

हे मात्र उंची ऐकल्यावर चहा अर्धा टाकून उठले. "वरच्या अंगाले?" इतकंच म्हणाले आणि सायकल पुसायला गेले. सायकल स्वच्छच होती.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

पुंडलिकाला कुंकवाचं बोट दाखवलं. आधी हसला. मग नळीत आरसा धरून, उन्हाचा कवडसा पाडून पाहिलं आणि हसू गेलं.

"बाई, तुम्ही कोण्या तांबटाच्या घरच्या?"

"मॅट्रिक आहे मी."

"तसंच म्हणा ना."

जोडाचा डाग, म्हणजे कथलाची झाळ, दोन बोटं उघडी पडली होती. त्यानं नवा डाग दिला. सव्वीस तांबे भरले. एक तास, दोन तास. कागद कोरा. नारळ फोडला. तुळसाबाई, या आता!

३ डिसेंबर, रविवार

दहा दिवस काठोकाठ भरून, कोक घालून बंब चालवला. रोज मीच पेटवला, काढलं तेवढं पाणी वर लगेच ओतलं. थेंब नाही. विजयाला पत्र टाकलं: ऊन पाणी हवं तेवढं आहे. बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक आणला.

उद्यापासून यांची पहिली पाळी. म्हणजे मला झोप!

६ डिसेंबर, बुधवार

पुन्हा गळला. तीन दिवसांत. तिथंच.

रडू आलं. पुंडलिकाचा डाग कच्चा होता, दुसरं काय? एकवीस दिवस राहिले.

७ डिसेंबर, गुरुवार

हे आज थंड पाण्यानं न्हाले. भिलाईची डिसेंबरची पहाट, आणि थंड पाणी! अंगणातून "हर हर महादेव" ऐकून मीच जागी झाले.

"काय वेड लागलं का जी?"

"तब्येतीसाठी चांगलं असते. कारखान्यातले रशियन साहेब लोक बर्फात न्हातात."

"ते रशियन आहेत, तुम्ही गोंदियाचे."

"आजपासून माझं पाणी बंबातून घ्यायचं नाही," म्हणाले आणि शिंकत कामावर गेले. या वयात यांना रशियन व्हायची हौस का आली कळत नाही. येताना लाकडांची मोळी आणली. कोक असताना लाकडं!

११ डिसेंबर, सोमवार

पुंडलिक आला. मी त्याला पुष्कळ बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आरसा धरला, आणि नळीत खालपर्यंत ओघळून गोठलेला कथलाचा थेंब काढून माझ्या हातावर ठेवला.

"डाग सुटला नाही, बाई. वितळला. कच्चा असता तर तडकला असता, ओघळला नसता. तुम्ही पाहून घ्या, मी काही बोलत नाही."

पुन्हा डाग दिला, पैसे घेतले नाहीत. थेंब मी ठेवून घेतला.

वितळला! पण कशानं? नीट झोप नाही, इतकं डोकं फिरतं आहे. भीतीनं नव्हे. उत्सुकतेनं.

१२ डिसेंबर, मंगळवार

रुआबांधा गावची रुक्मा गोवऱ्या घेऊन आली. तीन महिन्यांपासून तिच्याकडून घेत नाही, तरी सवयीनं दार वाजवते. कोकचा ढीग पाहून म्हणाली, "बाई, ए तो बड़े भट्ठी के खाना हे. तोर नान्हे बंब काबर खाही?" मोठ्या भट्टीचं जेवण माझ्या लहानशा बंबाला कशाला! तिला हसवून परत पाठवलं, आणि चूल सारवता सारवता हात थांबला.

रुक्माला धावत जाऊन परत बोलावलं. शंभर गोवऱ्या घेतल्या.

दुपारी प्रयोग केला. लोखंडी पळीत तो कथलाचा थेंब ठेवला. शेगडीत गोवऱ्या पेटवून पळी साधारण दीड वितीवर, नळीच्या जोडाइतक्या उंचीवर धरली. मोजत राहिले. पाचशे आकडे झाले, हात भरून आला, थेंब जसाच्या तसा. मग शेगडीत कोक. दीडशेला थेंबाच्या कडा गोल झाल्या. दोनशेला पळीत चांदीसारखा पळायला लागला!

कोक! आमचा लाडका कोक!

पण मग दहा दिवस मी कोकच जाळला, तेव्हा का नाही वितळला? चैन पडेना. थेंब गोठू दिला, पळीत घोटभर पाणी घातलं आणि पुन्हा कोकवर धरली. पाणी उकळलं, बुडबुडे आले. थेंब हलला नाही. पाणी आटलं, आणि थेंब लगेच वितळला.

म्हणजे पाणी असेपर्यंत कोकची काही मिजास चालत नाही. पाणी अठराव्या तांब्याच्या खाली गेलं, जोड उघडा पडला, आणि खाली कोक लाल असला, की डाग गेला. दोन्ही गोष्टी एका वेळी पाहिजेत.

नियम तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बंबातून एक तांब्या काढला की वर एक तांब्या ओतायचा. मग कोणी नाही ओतला? घरात आम्ही दोघंच.

मीच. दुसरं कोण? तापानंतर माझं डोकं ठिकाणावर नाही. परवा मीठ दोनदा घातलं. मीच विसरत असेन.

१४ डिसेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

पूजा झाल्यावर यांना सगळं सांगितलं. पळी, थेंब, पाणी. मला वाटलं कोकला दोष दिला म्हणून भांडतील. कोकला कोणी नुसतं काळं म्हटलं तरी यांना राग येतो. पण लगेच म्हणाले, "हो. कोकच. बंद करू कोक."

"नुसता कोक नाही जी. पाणी कमी पडलं. माझी चूक. मीच वर पाणी ओतायचं विसरते, आन् ध्यानातही राहत नाही. विजया आल्यावर असं झालं तर? लेकराला न्हाऊ घालताना काही विसरले तर?"

हे ताटावरून उठले. पुरणपोळी तशीच. मी म्हटलं, नैवेद्याचं ताट टाकून उठू नये. तर अंगणात जाऊन म्हणाले, "तू काही विसरत नाहीस," आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की राधाबाईंनी खिडकी उघडली. माझी समजूत काढत होते, तर त्यात एवढा राग कशाला?

२१ डिसेंबर, गुरुवार

पुंडलिक डाग पाहायला आला होता. डाग टिकला आहे. पण नळीला बोटानं दाबून त्यानं मला दाखवलं, तांबं पापडासारखं लवतं.

"दोनदा कोरडी भाजली ही नळी. आता डागाच्या बाजूनं फाटेल. बदलाच, बाई. भंडाऱ्याहून नवा मागवतो. जाड नळीचा. जुना मोडीत देऊ, तांबं चांगलं आहे."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

सहा दिवसांवर तुळसाबाई! म्हणजे आल्या की मोडका बंब पाहतील, आणि विजयाला परत नेतील. मी म्हटलं, सध्या राहू द्या. गोवऱ्यांवर हळूहळू तापवीन, तुळसाबाई दोन दिवसांत जातील, मग नवा मागवू. पुंडलिक म्हणाला, "मर्जी तुमची."

मार्गशीर्षाच्या गुरुवारी हे लिहिते आहे. लपवाछपवीच आहे ही. महालक्ष्मी, लेकीसाठी आहे, रागावू नको.

२७ डिसेंबर, बुधवार

आली! माझी विजया आली! नागपूरहून येणारी गाडी दुर्गला दीड तास उशिरा. मी फलाटावर देवाची सगळी नावं दोनदा घेतली. उतरली तेव्हा ओळखलंच नाही, गाल भरलेत, चालणं बदललं. "आई, पाय नको पाहूस, सुजलेत," म्हणाली आणि गळ्यात पडली.

मागून तुळसाबाई. ट्रंक, वळकटी, पाण्याची स्वतःची कळशी. क्वार्टरमध्ये शिरल्या तशा खिडक्या उघडून पाहिल्या, खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून पाहिलं. बोट लालसर झालं. "ही धूळ लेकराच्या नाकात जाईल." नळ सोडून पाहिला. "सहाले येते? आन् त्याच्या आधी?" "हौद भरून ठेवते, विहीणबाई." शेवटी बंबापुढं उभ्या राहिल्या. मी त्याला असा घासला होता की त्यांचं तोंड दिसत होतं.

"जुना दिसते."

"लग्नातला आहे."

"उद्या चारले उठते मी. पाहू."

२८ डिसेंबर, गुरुवार

आज झालं ते जसंच्या तसं लिहिते.

साडेतीनला मी गोवऱ्यांचा मंद विस्तव केला. सव्वीस तांबे. चारला तुळसाबाई आल्या. हे पहिल्या पाळीसाठी तयार होऊन, डोक्याला मफलर बांधून, सायकलला हवा भरून राहिले होते. मंद विस्तवावर पाणी तापेस्तोवर पाच वाजले, मग तुळसाबाईंनी पहिली बादली काढली. मी वर पाणी ओतलं. दुसरी काढली. मी ओतलं. माझा हात बंबावर होता. आत काहीतरी टिच्च वाजलं.

मग नळी फाटली. सगळं पाणी एकदम विस्तवावर. वाफेचा ढग, आणि राखेचा लोंढा न्हाणीतून तुळसाबाईंच्या पायांपर्यंत. त्यांचं सोवळ्याचं लुगडं काळं.

विजया दारात येऊन उभी. मग तुळसाबाई बोलल्या, आणि हळू बोलल्या, तेच वाईट.

"विहीणबाई, ही सोय? पत्रात काय लिहिलं होतं तुम्ही? घरात एक बंब सांभाळता येत नाही, बाळंतीण कशी सांभाळाल? विजया, बॅग भर."

"आई..." विजया.

मी म्हणाले, "चूक माझी आहे. मी पाणी ओतायचं विसरले. तापानंतर माझं..."

"अगदी खोटं!"

हे. सायकलचा पंप हातात तसाच. मला वाटलं माझ्यावर ओरडतात. पण माझ्याकडं पाहतच नव्हते, तुळसाबाईंकडं पाहत होते.

"तिनं एक तांब्या विसरला नाही जी. बंब मी जाळला. दोनदा. पहिल्या पाळीले मी चारले उठतो, पाणी काढून घेतो, आन् वर ओतत नाही. अर्धा बंब खाली करतो, खाली कोक धगधगून राहिला असते, आन् मी ड्यूटीवर निघून जातो. इंजिनावर सतरा वर्षं फायरमन होतो मी. पाणी खाली गेलं अन् आग चालू राहिली, तर काय होते ते मले नाही मालूम?"

तुळसाबाई गार्डाची बायको. त्या एक पाऊल मागं सरकल्या. "बॉयलर जाळला तर फायरमनची नोकरी जाते."

"जाते. म्हणून तर तोंड उघडलं नाही मी. नीळ टाकून तिनं उंची काढली त्याच दिवशी मले शंका आली, पण वाटलं नव्या डागाले काही होत नाही; पुन्हा गळला तेव्हा समजलं. तिनं स्वतःले दोष दिला तरी मी चूपच."

मी म्हणाले, "अहो, पण ओतत का नव्हता? हौद तर दोन पावलांवर!"

यांचा आवाज एकदम उतरला. पंपाकडं पाहत म्हणाले, "हौदात तांब्या बुडवला की आवाज होते. बंबात ओतलं की जास्त होते. तुझी झोप पत्र्यावर पाखरू बसलं तरी मोडते. डॉक्टरनं झोप सांगितली होती."

कारखान्याचा भोंगा झाला. यांची हजेरी चुकत होती, तरी हलले नाहीत.

तुळसाबाईंनी हातातली बादली ठेवली. मग खाली बसल्या, राखेतच. म्हणाल्या, "एकतीस वर्षं झाली लग्नाले. आमचे गार्डसाहेब पहाटे निघतात तर आधी मले उठवतात, मग कंदील पेटवतात. मी आजारी असली तरी. एकदा पोटुशी होती, तरी." लुगड्याची राख झटकली. "जा व्याहीबुवा, ड्यूटीले जा. उभे काय राहिले?"

हे सायकलवर बसले. तुळसाबाई विजयाकडं वळल्या.

"बॅग राहू दे. तू इथंच राहशील." मग माझ्याकडं: "आन् मी पण राहते. नवा बंब येईपर्यंत. भंडाऱ्याचा माल मी डोळ्यानं पाहून घेईन, तुमचा नवरा-बायकोचा काही भरोसा नाही."

तीन आठवडे! विजया पदरात तोंड खुपसून हसली. मलाही हसू आलं, पण मी ते दुपारपर्यंत धरून ठेवलं, कारण मी यांच्यावर रागावले होते. दीड महिना! नीळ, पट्टी, पळी, पुंडलिकाला बोललेले शब्द, आणि वरून स्वतःचं डोकं फिरलं म्हणून मी नवस बोलले होते! हे दोनला आले तेव्हा मी ताट वाढलं, बोलले नाही. चारला बोलले. "पुंडलिकाला निरोप द्या. नवा मागवा. जाड नळीचा. जुना मोडीत."

"बावीस वर्षांचा..."

"मोडीतच. दुखणं कळलं आता. ठेवून काय करू?"

"आन् कोक?"

"शेगडीत. तिथं जळू द्या हवा तेवढा."

हे इतके खूश झाले की पुन्हा शिंकले.

३० डिसेंबर, शनिवार

पुंडलिक हातगाडीवर बंब घेऊन गेला. तांबं तोलताना मी स्वतः काट्याजवळ उभी होते. अर्धा शेर जास्तच भरला. भंडाऱ्याला पत्र गेलं, त्यात तुळसाबाईंनी तीन सूचना घातल्या, मी चार.

तोवर शेगडीवर हंडा. विजयाच्या पाठीवर तुळसाबाई पाणी घालतात, मी घालू लागले तर म्हणतात, "तुम्ही फार गरम घेता." मी गार पाणी पुढं करते. विजया इथं आहे.

आजही यांची पहिली पाळी होती. मी बजावलं होतं, मला उठवायचं, पाणी मी तापवीन. चारला हे उठले. चपला हातात घेतल्या, कडी ओल्या फडक्यात धरून काढली, शेगडी अंगणाच्या पार टोकाला उचलून नेली. अंधारात कशाला तरी धडकले, आणि ओरडायचे ते गिळलं.

मला पहिल्याच पावलाला जाग आली होती. उठणारच होते. पण मग पांघरूण वर ओढलं, आणि यांची सायकल फाटकाबाहेर जाईपर्यंत डोळे मिटून पडून राहिले.